दम तीन आठवड्यांत वाढतो, नडगीला तीन महिने लागतात

पोलीस भरतीची जाहिरात निघणार अशी नुसती कुणकुण लागली तरी पहाटे पाचला गावाबाहेरचा रस्ता जागा होतो. कानटोपी घातलेली, मोबाईलवर स्टॉपवॉच लावलेली पोरं-पोरी रांगेने पळत असतात. पहिले पंधरा दिवस उत्साहाला तोटा नसतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रांग विरळ होऊ लागते. जी थांबतात त्यांची तक्रार जवळपास ठरलेली असते: ‘दम आहे, पण नडगी साथ देत नाही.’

ही तक्रार शब्दशः खरी आहे. दम आणि नडगी एकाच शरीरात असले तरी त्यांची घड्याळं वेगळी चालतात. कोणतं किती हळू चालतं हे समजलं, तर भरतीच्या तयारीतल्या बऱ्याच दुखापती टाळता येण्यासारख्या आहेत. ज्यांना भरतीशी देणंघेणं नाही, पण चाळिशीत पहिल्यांदा बूट घालून मॅरेथॉनला नाव नोंदवलंय, त्यांनाही हाच हिशोब लागू आहे.

एका पावलाचा भार किती?

पळताना दोन्ही पाय काही क्षण हवेत असतात. मग शरीराचं सगळं वजन एका पायावर आदळतं आणि जमीन तो दणका परत करते. साध्या वेगात तो शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भरतो. 65 किलोच्या उमेदवाराचा प्रत्येक पाऊल-दणका साधारण 160 किलोचा, म्हणजे ज्वारीची दीड पोती धरा.

आता मोजा. सावकाश 5 किलोमीटर पळायला 33 मिनिटं लागली आणि मिनिटाला 165 पावलं पडली, तर एकूण पावलं साडेपाच हजारांच्या आसपास. म्हणजे एकेका पायावर 2,700 दणके. एवढ्याने हाड मोडत नाही, कारण एकेक दणका त्याच्या ताकदीच्या बराच आत असतो. पण तार एकदा वाकवली तर तुटत नाही, त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. हाडातही असे अतिसूक्ष्म तडे रोज पडतात. सगळा प्रश्न ते भरून यायला वेळ मिळतो की नाही, एवढाच आहे.

मोटर नवी, पाइप जुना

विहिरीवरची 3 एचपीची मोटर काढून साडेसातची बसवली आणि पाइपलाइन तीच ठेवली, तर काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. पाणी जोरात येतं, दोन दिवस सगळे खूश असतात आणि मग कुठला तरी जोड सुटतो. दोष मोटरचाही नसतो आणि पाइपाचाही. दोघांचा मेळ बसलेला नसतो.

व्यायाम सुरू केल्यावर सगळ्यात आधी मोटर सुधारते. आठवड्या-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं आणि त्याच वेगाला धाप कमी लागते. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढते. म्हणून तिसऱ्या आठवड्यात पोरगं हुरूप येऊन दोन राउंड वाढवतं. दम परवानगी देत असतो ना!

पाइप म्हणजे हाडं आणि कंडरा. स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी म्हणजे कंडरा. टाचेच्या वर जी दोरी चिमटीत धरता येते ती सगळ्यात मोठी. मैदानावर तिला ‘नस’ म्हणतात, पण ती नस नव्हे. तिला रक्तपुरवठा स्नायूच्या मानाने फार कमी असतो, म्हणून दुरुस्तीचं सामानही हळू पोचतं. जोरदार व्यायामानंतर पहिले 24 ते 36 तास कंडरेत नवं धागेदार प्रथिन बनण्यापेक्षा जुनं मोडण्याचं काम जास्त चालतं. बांधणी वरचढ होते ती त्यानंतर. रोज जोरात पळणारा माणूस कंडरेला तोडफोडीच्या टप्प्यातच पुन्हा गाठतो.

ही दोरी किती मंद असावी? 1955 ते 1963 या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं किरणोत्सारी कार्बन अचानक वाढलं आणि पुढे ओसरत गेलं. त्यामुळे शरीराचा कुठला भाग कधी घडला याचा जणू शिक्काच बसला. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये टाचेवरच्या कंडरेत हा शिक्का तपासला. तिचा गाभा साधारण सतराव्या वर्षानंतर जवळजवळ बदललेलाच नव्हता! म्हणजे पंचविशीतला उमेदवार शाळेत असताना तयार झालेल्या दोरीवर धावतोय. तिची बाहेरची बाजू आणि ताठरपणा सरावाने सुधारतो, पण त्याला महिने लागतात.

हाड आधी खणतं, मग भरतं

आता नडगी. हाड म्हणजे खांबासारखी निर्जीव वस्तू, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यात सतत डागडुजी चालू असते, आणि तिची पद्धत नगरपालिकेच्या रस्त्यासारखी आहे: बुजवण्याआधी खणायचं. सूक्ष्म तडे पडलेला भाग काही पेशी आधी खाऊन टाकतात. याला साधारण तीन आठवडे लागतात. मग दुसऱ्या पेशी तिथे नवं हाड रचतात आणि या भरावाला तीन महिने किंवा अधिक. भराव झाला तरी त्यात खनिज पूर्ण मुरायला आणखी महिने जातात. स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी वर चढून पाणी मारता येतं, पण खालचे टेकू कुणी काढत नाही, तसंच.

खणायला तीन आठवडे, भरायला तीन महिने. यातच भरतीच्या पोरांचं दुखणं दडलंय. नवा सराव सुरू केल्यावर तिसऱ्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत नडगीत खणलेल्या जागा जास्त आणि भरलेल्या कमी असतात. या काळात हाड सरावाआधी होतं त्याहूनही थोडं कच्चं असतं. आणि नेमकं याच काळात दम वाढलेला असतो! रस्ता खणून ठेवलाय आणि वाहतूक दुप्पट केलीय, अशी ही गत.

वाहतूक तरीही चालू राहिली की तडे एकत्र येऊन खरी भेग पडते. तिला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. हे दुखणं सैन्याला जुनंच ठाऊक आहे. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने 1855 मध्ये लांब कूच करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले, दुखरे पाय नोंदवून ठेवले. कारण त्याला कळलं नव्हतं. 1895 मध्ये क्ष-किरण सापडले आणि थोड्याच वर्षांत पायाच्या हाडातल्या बारीक भेगा दिसल्या. आजही जगभर सैन्यात नव्याने आलेल्यांना हे दुखणं प्रशिक्षणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच जास्त गाठतं.

आणखी एक गोष्ट. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की ताण ओळखून ‘इथे हाड वाढवा’ असा निरोप देणाऱ्या पेशी काही दणक्यांनंतर जणू बहिऱ्या होतात. त्यांना पुन्हा नीट ऐकू यायला चार ते आठ तास लागतात आणि पूर्ववत व्हायला साधारण एक दिवस. याचा अर्थ, सलग 10 किलोमीटर पळल्याने हाडाला 5 किलोमीटरच्या दुप्पट निरोप मिळत नाही. झीज मात्र दुप्पट होते.

‘आमच्या गावचा तो तर दोन महिन्यांत भरती झाला’

झाला असेल. पण त्याने तयारी दोन महिन्यांत केली नव्हती. जो लहानपणापासून शाळेला तीन किलोमीटर चालत गेला, कबड्डी खेळला, सुगीत पोती उचलली, त्याची नडगी आधीच भरलेली होती. त्याने दोन महिन्यांत फक्त मोटर बदलली. वाढीच्या वयात उड्या मारून, धावून कमावलेलं हाड पुढे बराच काळ टिकतं. बारावीनंतर तीन वर्षं लायब्ररीच्या खुर्चीत बसून चालू घडामोडी पाठ केलेल्याने त्याचा सरावाचा तक्ता उचलला, तर तक्ता चुकीचा नसतो, पाय वेगळे असतात. शिवाय त्याच्याबरोबर पळायला लागून मध्येच लंगडत घरी बसलेल्या चौघांचा सत्काराचा फलक चौकात लागत नाही.

‘दर आठवड्याला दहा टक्के वाढवा म्हणतात, ते खरं का?’

हा नियम सगळीकडे ऐकू येतो. त्याचा गाजावाजा पुराव्यापेक्षा जास्त आहे. नेदरलँड्समध्ये 532 नवशिक्या धावपटूंवर तो तपासला गेला आणि 2008 मध्ये निष्कर्ष आले. एका गटाने 13 आठवडे, दहा टक्क्यांच्या बेताने हळूहळू सराव वाढवला, दुसऱ्याने 8 आठवड्यांचा नेहमीचा कार्यक्रम केला. दुखापतीचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, पाचात एक.

मग हळूहळू वाढवणं फोल आहे का? नाही. आठवड्याची बेरीज फार काही सांगत नाही, एवढाच याचा अर्थ. 2025 मध्ये पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा धोका वेगळ्याच ठिकाणी दिसला: गेल्या 30 दिवसांत एका वेळी जितकं जास्तीत जास्त पळलात, त्यापेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून अधिक पळणं. आठवडाभर 3-3 किलोमीटर आणि रविवारी मित्रांच्या नादाने 8, हा तो प्रकार. तेव्हा वहीत आठवड्याच्या बेरजेपेक्षा महिन्यातली सर्वात लांब धाव आधी लिहा. उद्याची धाव तिच्या फार पुढे जाऊ देऊ नका.

सोळा आठवड्यांचा साधा आराखडा

पोलीस शिपाई भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, 50 गुणांचं: मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावणं 20 गुणांना, 100 मीटर 15 आणि गोळाफेक 15. सोळाशेला पैकीच्या पैकी गुण घ्यायचे तर 5 मिनिटं 10 सेकंद लागतात. म्हणजे 400 मीटरचा एक राउंड साडेसत्याहत्तर सेकंदांत, असे चार. हा वेग शून्यातून उभा करायचा आहे असं धरू.

पहिले चार आठवडे एक दिवसाआड. पाच मिनिटं चालून घ्या. मग एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. दुसऱ्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं, दोन चालणं, सहा वेळा. तिसऱ्यात तीन पळणं, दोन चालणं, सहा वेळा. चौथ्यात पुन्हा दुसऱ्या आठवड्याचा सराव. हे मागे येणं सगळ्यांना खटकतं आणि बहुतेक जण ते गाळतात. पण तोच आठवडा खणलेल्या रस्त्यासाठी आहे. पळण्याचा वेग असा, की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. एकेका शब्दावर आलात तर वेग जास्त आहे. लाज वाटेल इतकं हळू वाटलं तर तुम्ही बरोबर आहात.

पाचव्या आठवड्यात पाच मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, चार वेळा. सातव्याला 20 मिनिटं सलग. आठव्यात पुन्हा थोडं कमी. दहाव्याच्या अखेरीस एक धाव 5 किलोमीटरची आणि आठवड्याची बेरीज 14-15 किलोमीटर. सातव्यापासून सावकाश धावेच्या शेवटी 80 मीटर चार वेळा झपाट्याने, पण जीव तोडून नाही. मध्ये चालत परत या.

दहाव्या आठवड्याच्या शेवटी एकदा घड्याळ लावून सोळाशे पळा. आलेल्या वेळेला चारने भागा आणि दोन सेकंद कमी करा. पुढचे सहा आठवडे, आठवड्यातून एकदाच, त्या वेळेत 400 मीटर चार वेळा. दोन राउंडच्या मध्ये तीन मिनिटं चालणं. चौथा राउंड पहिल्याइतक्याच वेळात येऊ लागला की आणखी दोन सेकंद कमी करा, त्याआधी नाही. बाकीचे दिवस सावकाशच.

यासोबत एक व्यायाम आठवड्यातून तीनदा, आणि तो पळण्याइतकाच महत्त्वाचा. पायरीच्या कडेवर चवडे टेका, दोन सेकंदांत टाचा वर, तीन सेकंदांत खाली. 12 वेळा, तीन खेपा. प्रत्येक खेपेत निम्म्या वेळा गुडघा सरळ ठेवून, निम्म्या वेळा किंचित वाकवून, कारण पोटरीचा आतला स्नायू गुडघा वाकवल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. सहाव्या आठवड्यापासून एका पायावर. एका पायावर सलग 25 वेळा जमलं की पोटरी सोळाशेला तयार झाली असं समजायला हरकत नाही. पोटरी दमली की दणका नडगीवर जातो, म्हणून हा खटाटोप.

आता दोन बारीक गोष्टी, ज्या फारसं कुणी सांगत नाही. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने पळालात तर एक पाय कायम खालच्या बाजूला पडतो. मैदानावर सगळे डावीकडेच वळतात, म्हणून सावकाश धावेच्या दिवशी निम्मे राउंड उलट्या दिशेने मारा.

‘थोडं दुखणारच, त्याला काय घाबरायचं?’

कुठलं दुखणं, यावर अवलंबून आहे. नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या अर्ध्या भागात, चार-पाच बोटं लांबीच्या पट्टीवर दाबल्यावर दुखतं आणि पळायला लागल्यावर जरा सैल होतं. मैदानावरचं ‘शिन पेन’ ते हेच. ही सूचना आहे: पळणं निम्मं करा, वेगाचा सराव बंद, पोटरीचा व्यायाम चालू.

बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी दुखणं, पळताना वाढत जाणं, एका पायावर उडी मारल्यावर कळ येणं, रात्री ठसठसणं: यातलं काहीही असेल तर त्या दिवसापासून पळणं बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञ गाठायचे. इथे एक फसगत होते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही भेग एक्स-रेमध्ये बहुतेकदा दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून पोरगं पुन्हा ग्राउंडवर जातं आणि केसाएवढी भेग आरपार होते. एमआरआयमध्ये ती लवकर दिसते. वेळेवर थांबलं तर नडगीच्या आतल्या कडेची भेग साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. नडगीच्या पुढच्या धारेवरची मात्र हट्टी असते, ती महिनोन्महिने लांबते आणि कधी शस्त्रक्रियेपर्यंत जाते.

दुखणं मारणारं इंजेक्शन घेऊन ग्राउंड काढणारेही असतात. इंजेक्शन निरोप बंद करतं, भेग नाही.

मुलींसाठी आणखी एक खूण. सराव वाढला, जेवण कमी केलं आणि पाळी लांबली किंवा थांबली, तर ‘सरावामुळे होतंच’ म्हणून सोडू नका. शरीराला इंधन पुरत नाही आणि हाड बांधणीचं काम बंद पडतंय, याची ती खूण आहे. डॉक्टरांना दाखवा आणि जेवण वाढवा. मुलांनीही वजन उतरवायला रात्रीची भाकरी सोडू नये, हाडाला तिचीच गरज असते.

छातीत दुखणं, पळताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळणं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं: यातलं काही असेल तर सराव सुरू करण्याआधीच हृदयाची तपासणी करून घ्या. 2014 मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या 5 किलोमीटर धावण्यात उमेदवारांचे जीव गेले आहेत. तापात किंवा भर उन्हात ‘एवढं एकदा काढतो’ म्हणू नका.

‘पण जाहिरात आत्ताच निघाली, सोळा आठवडे आणू कुठून?’

आठच आठवडे हातात असतील तर नडगीकडून सोळाचं काम मागू नका. गुणांकडे पुन्हा बघा: 50 पैकी 30 गुण सोळाशेबाहेर आहेत. गोळ्यात नडगीवर फारसा भार येत नाही. मुलांचा गोळा 7 किलो 260 ग्रॅमचा, मुलींचा 4 किलोचा. तो हाताने फेकायचा नसून पायापासून कंबरेतून खांद्यात जोर आणून ढकलायचा असतो, हे कळलेल्याचा गोळा आठ आठवड्यांतही लांब जातो. शंभर मीटरमध्ये सुरुवातीची दहा पावलं सुधारता येतात, मात्र पूर्ण वेगाचा सराव आठवड्यातून दोनदाच, नाहीतर मांडीच्या मागचा स्नायू दुखावतो. सोळाशेसाठी वरच्या आराखड्यातले पहिले आठ आठवडे तसेच करा आणि 5:10 ऐवजी सहा मिनिटांच्या आसपासचे गुण धरा. पुढची भरती येईल तेव्हा हे हाड तिथूनच पुढे सुरू होईल. पंधरा दिवस खंड पडला तर दम बराच उतरतो, कमावलेलं हाड मात्र इतक्या लवकर उतरत नाही.

ग्राउंडच्या आठवड्यात

शेवटचा वेगाचा सराव पाच-सहा दिवस आधी. त्यानंतर एक-दोनदा 15 मिनिटं सावकाश, बस्स. चार दिवसांत हाड किंवा दम काही वाढत नाही, फक्त थकवा वाढतो. बूट तेच, महिनाभर वापरलेले.

शिट्टी वाजली की गर्दीतले बरेच जण पहिला राउंड 68-70 सेकंदांत काढतात. साडेसत्याहत्तरचा सराव केलेल्याला ते चाळीस-पन्नास मीटर पुढे दिसतात आणि पाय आपोआप उचलले जातात. तसं झालं तर तिसरा राउंड नव्वदीवर जातो. पहिल्या राउंडला घड्याळात 77 किंवा 78 दिसले पाहिजेत. पुढचे बहुतेक जण तिसऱ्या राउंडच्या दुसऱ्या वळणावर भेटतात.